तैलरंगात पोर्ट्रेट शिकायचंय? आधी हुआन दे पारेहा करा

मराठवाड्यात राहून तैलरंगातलं पोर्ट्रेट शिकायचं तर पहिली अडचण येते ती मूळ चित्रं बघायला न मिळण्याची. रंग, ब्रश आता घरपोच येतात. पण लातूर, बीड, परभणी, हिंगोली कुठेही फिरा, जुन्या उस्तादाचं तैलचित्र समोर उभं राहून बघता येईल अशी सोय नाही. संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात प्रवेश मिळाला त्यांचं ठीक आहे. बाकीची मंडळी इंटरमिजिएटची ग्रेड परीक्षा उरकली की मोबाइलवरच्या व्हिडिओंच्या भरवशावर राहतात. व्हिडिओत हात चालताना दिसतो. हा रंग इथेच का, ही कड का पुसली, डोळा इतका उशिरा का काढला, हे मात्र त्यातून कळत नाही. ते कळायचं तर एका चांगल्या चित्राची सुरुवातीपासून शेवटपर्यंत कॉपी करायला बसावं लागतं.

कॉपी म्हटलं की आपल्याकडे लोक नाक मुरडतात. त्यांना अजिंठ्याची आठवण करून द्यावी. मद्रास आर्मीतला रॉबर्ट गिल 1844 मध्ये लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती करायच्या कामावर नेमला गेला आणि वर्षानुवर्षं तैलरंगात मोठमोठ्या प्रती करत राहिला. त्यातल्या जवळपास सगळ्या 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग 1872 पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथे कॉपी करायला येऊ लागले. त्या पोरांत पेस्तनजी बोमनजी होते, पुढे नावाजलेले पोर्ट्रेट चित्रकार. प्रती करून हात घडवायची रीत मराठवाड्याच्या मातीत अशी दीडशे वर्षं जुनी आहे.

चित्र कोणतं घ्यायचं

बहुतेकजण डच चित्रकार व्हर्मीरची मोत्याचा डूल घातलेली मुलगी घेतात. चित्र सुंदरच आहे, पण शिकाऊ माणसासाठी फसवं. चेहरा इतका गुळगुळीत की ब्रश कुठून कुठे गेला याचा माग लागत नाही, आणि ती गोरी कातडी रंगवून झाल्यावर आपल्या घरातला एकही चेहरा रंगवायला ती उपयोगी पडत नाही.

माझा आग्रह असतो स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केझच्या ‘हुआन दे पारेहा’चा. 1650 मध्ये रोममध्ये रंगवलेलं हे चित्र सध्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. पारेहा हा व्हेलास्केझच्या चित्रशाळेत राबणारा गुलाम. सावळा, दाट कुरळ्या केसांचा, दाढीमिशीवाला. त्या वर्षी 19 मार्चला हे चित्र रोमच्या पँथिऑनमध्ये मांडलं गेलं आणि त्याच वर्षी व्हेलास्केझने पारेहाच्या मुक्ततेच्या कागदावर सही केली. पारेहा पुढे स्वतः चित्रकार झाला. त्याचं 1661 चं मोठं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे.

ही गोष्ट मोठीच आहे, पण आपल्या कामाच्या बाबी वेगळ्या. तपकिरी कातडी आहे. मागे करड्या-हिरवट रंगाखेरीज काही नाही. कपडे गडद आणि साधे. गळ्यात पांढरी लेसची कॉलर, जी ढिल्या हाताने मारलेली आहे. म्हणजे चार-पाच ट्यूबांत हे सगळं जमतं. म्युझियमने स्वामित्वहक्क संपलेल्या चित्रांच्या मोठ्या फाइली 2017 पासून सर्वांना मोफत खुल्या केल्या आहेत, त्यांच्या संकेतस्थळावरून हे चित्र उतरवून घ्या. गूगलवर सापडलेली कुठलीही छोटी फाइल घेऊ नका. प्रत्येकीत रंग निराळा असतो.

प्रिंट आणि माप

मूळ चित्र 81.3 × 69.9 सेंमी आहे. याच प्रमाणात आपल्याला 14 × 12 इंचांचा कॅनव्हास जवळपास तंतोतंत बसतो. डिजिटल प्रेसवाल्याकडे जाऊन 13 × 19 च्या शीटवर चित्र बरोबर 12 इंच रुंद आणि 14 इंच उंच छापून मागा. कागद मॅट घ्या, ग्लॉसी कागद उजेडात चमकून डोळे दिपवतो. दोन प्रिंट काढा, एक रंगीत आणि एक ब्लॅक अँड व्हाइट. प्रेसवाला हौसेने ‘थोडं ब्राइट करू का’ म्हणेल. नको म्हणा. ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटवाचून पुढचं काम अर्धवट राहील, तेव्हा तिथे पैसे वाचवू नका. रंगीत प्रिंट लॅमिनेट करून घ्या. का, ते पुढे येईल.

प्रिंट आणि कॅनव्हास एकाच मापाचे असले की दोन्ही शेजारी उभे करून सहा-सात पावलं मागे जाऊन तुलना करता येते. चूक जवळून दिसत नाही, लांबून दिसते.

सामान

रंग पाचच: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट अंबर, आयव्हरी ब्लॅक. लाइट रेड मिळालं नाही तर इंडियन रेड, पण ते जोरकस असतं, सुईच्या टोकाएवढं घ्यायचं. कॅमलचे आर्टिस्ट ग्रेडचे ट्यूब पुरेसे आहेत. पांढरा मोठा घ्या, तोच आधी संपतो. व्हेलास्केझच्या काळात शिशाचा पांढरा वापरत. तो विषारी आहे, त्याच्या नादी लागायचं कारण नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवा की टायटॅनियम त्याच्यापेक्षा जास्त पांढरा आणि थंड पडतो, म्हणून त्यात आधीच किंचित ऑकर घालून ठेवावं.

ब्रश हॉगचे, म्हणजे डुकराच्या केसांचे, चपटे: 4, 6 आणि 10 नंबर. एक मऊ गोल सिंथेटिक, बारीक कामाला. एक पॅलेट नाइफ. पॅलेट म्हणून काचवाल्याकडून 5 मिमीची काच कापून कडा घासून घ्या आणि खाली करडा कागद ठेवा. लाकडी पॅलेटवर रंग कसा दिसेल आणि कॅनव्हासवर कसा, यात शिकाऊ माणूस हमखास गोंधळतो.

तेलाबाबत आपल्या भागात एक मोह होतो. घाण्यावर जवसाचं तेल मिळतं, लिनसीड म्हणजे जवसच, मग तेच का नको? चटणीला ते उत्तम. चित्राचं लिनसीड मात्र शुद्ध केलेलं असतं. घाण्याच्या तेलात चिकट द्रव्य राहतं, ते सावकाश वाळतं आणि लवकर पिवळं पडतं. चित्रकारांच्या दुकानातली छोटी बाटली आणा, वर्षभर जाते. टर्पेंटाईनही रंगात मिसळायला चित्रकारांचंच. हार्डवेअरच्या दुकानातलं ब्रश धुण्यापुरतं वापरा, आणि रॉकेल तर धुवायलाही नको. कॅनव्हास बोर्ड तयार प्रायमरचा घ्यावा. तो फार शोषत असेल तर ॲक्रिलिक जेसोचा (कॅनव्हासला रंगाआधी लावायच्या पांढऱ्या लेपाचा) आणखी एक हात मारून 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. भिंतीचा प्रायमर किंवा डिस्टेंपर लावून पैसे वाचवणारे पुष्कळ पाहिलेत. चुन्यासारखा सुटणारा थर खाली असेल तर वरचं काम टिकणार कसं?

उजेड आणि हंगाम

उत्तरेकडची खिडकी सर्वांत चांगली, कारण ऊन थेट आत येत नाही. माळवदाचं जुनं घर असेल तर झरोक्यातून पडणारा वरचा उजेड पोर्ट्रेटला फार छान, फक्त कॅनव्हासवर पुरेसा पडायला हवा. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये दुपारी बसूच नका. रंग काचेवरच साय धरू लागतो आणि टर्पेंटाईनच्या वासाने डोकं उठतं. सकाळी साडेदहापर्यंत काम उरका. रात्री करायचं तर 5000 ते 6500 केल्विनचा एलईडी लावा, सीआरआय (म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) 90 च्या वरचा. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरचा पिवळा बल्ब लावून रंग मिसळू नका, तेवढ्या वेळात रेखाटन तपासा. शहाण्याने हे काम दिवाळी ते होळी या काळात धरावं: कोरडी हवा, वावटळ नाही, दिवसभर सारखा उजेड.

रेखाटन

कॅनव्हासवर आधी बर्न्ट अंबर भरपूर टर्पेंटाईनमध्ये पातळ करून सगळीकडे फासा आणि सुती कपड्याने पुसून काढा. चहाच्या डागासारखा तपकिरी रंग उरला पाहिजे. पांढऱ्या कॅनव्हासवर प्रत्येक रंग गडदच वाटतो आणि माणूस घाबरून सगळं फिकट करत जातो. हा हात एक दिवस वाळू द्या.

मग दोन इंचांचे चौकोन आखा. आडवे सहा, उभे सात, बेचाळीस झाले. प्रिंटवरही तेच. कार्बन लावून छापायचा विचार मनात येईल. माप एकच असल्यामुळे ते शक्यही आहे. पण छापलेली रेघ हाताला काही शिकवत नाही, आणि पुढच्या वेळी समोर माणूस बसेल तेव्हा कार्बन कुठे लावणार? कोळशाने काढा. आधी डोक्याचा झुकाव, मग दोन डोळ्यांमधली रेघ, नाकाचा तळ, ओठांची फट. भुवया, पापण्या, दाढीचे केस आत्ता नाहीत.

तपासायला गवंड्याचा ओळंबा वापरा. दोऱ्याला बांधून प्रिंटसमोर धरा: डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली सरळ काय येतं? नाकपुडी येते की ओठाचा कोपरा? तोच ओळंबा कॅनव्हाससमोर धरा. त्यानंतर दोन्ही आरशात बघा. उलटं पाहिलं की वाकडा जबडा लगेच डोळ्यात भरतो. रेखाटन पटलं की कोळसा कपड्याने झटकून फक्त पुसट खूण ठेवा आणि पातळ अंबरने रेघा पक्क्या करा.

एकाच रंगात पूर्ण चेहरा

मराठवाड्यातल्या शिकाऊ मुलांच्या चित्रांत सर्वांत जास्त गडबड होते ती याच पायरीवर, कारण ती वगळली जाते. बर्न्ट अंबर आणि टर्पेंटाईन, बाकी काही नाही. तेलही नाही. ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट समोर ठेवा, डोळे अर्धे मिटा आणि फक्त चार गडदपणे शोधा: सर्वांत काळं, गडद, मधलं, उजळ. केस, दाढी आणि सावलीची बाजू एकाच गडद ठिपक्यात जाताना दिसेल. तशीच भरा. केसांची आणि गालाची कड तिथे दिसत नसेल तर आपणही काढायची नाही. उजेडाचा भाग कपडा बोटाला गुंडाळून पुसून काढा.

ही पायरी संपल्यावर दारातून आत येणाऱ्या माणसाला पारेहा ओळखू आला पाहिजे. नाही आला तर रंगाला हात लावू नका. अंबर लवकर वाळतो, कोरड्या हवेत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर काम करता येतं.

सावळ्या कातडीचे रंग

आता काचेवर रांग मांडा. मधला रंग आधी: दोन भाग ऑकर, एक भाग लाइट रेड, चिमूटभर काळा, थोडा पांढरा. या ढिगाचे भाग करून एकीकडे उजळ करत जा, दुसरीकडे गडद. गडद बाजूला अंबर आणि लाल. काळा अगदी शेवटच्या ढिगात. उजळ बाजूला ऑकर आणि पांढरा. आणि एक निराळा ढीग: काळा, पांढरा आणि थोडं ऑकर. यातून करडा-हिरवट येतो. आयव्हरी ब्लॅक पांढऱ्यात गेलं की निळसर दिसतं आणि ऑकर त्याला हिरवटपणा देतं. मागची पार्श्वभूमी यातूनच होते, आणि उजेड-सावलीच्या मधे कातडी जिथे वळते तिथेही हाच थोडासा लागतो. हिरवी ट्यूब विकत घ्यायची गरज नाही.

रंग बरोबर आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नका. नाइफच्या टोकावर मिसळलेला रंग घ्या आणि लॅमिनेट केलेल्या प्रिंटवर त्या जागी टेकवा. जागा दिसेनाशी झाली तर रंग जुळला. दिसली तर स्वतःला तीन प्रश्न याच क्रमाने विचारा: गडद की उजळ? तांबूस की करडा? किती भडक? लॅमिनेशनवरचा रंग कपड्याने पुसला जातो, म्हणून ते करून घ्यायचं.

लग्नाच्या अल्बमची आपल्याला इतकी सवय झाली आहे की उजळ म्हणजे गोरं असं हात आपोआप करतो. पारेहाच्या कपाळावरची चमक नीट बघा. ती गोऱ्या कातडीची नाही. सावळ्या, किंचित तेलकट कातडीवर पडलेल्या उजेडाचं ते प्रतिबिंब आहे, आजूबाजूच्या रंगापेक्षा थंड आणि छोटंसं. सगळ्या ढिगांत पांढरा घालत गेलात तर चेहरा पिठात बुडवल्यासारखा दिसेल. उजेड वाढवायचा असेल तर शेजारची सावली आधी नीट गडद आहे ना ते बघा.

रंगाचा पहिला आणि दुसरा हात

या हातात टर्पेंटाईनमध्ये लिनसीडचे थोडे थेंब. पुढच्या प्रत्येक हातात तेल किंचित वाढवायचं, कमी कधीच नाही. खालचा थर तेलकट आणि वरचा कोरडा झाला तर वरचा आधी वाळून आवळतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला भेगा जातात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही चूक लवकर उघडी पडते.

क्रम: पार्श्वभूमी आणि केस एकत्र, मग चेहऱ्याची सावली, मग वळणाचा करडा, मग मधला रंग, शेवटी उजेड. पार्श्वभूमी मागे ठेवू नका. ती नसेल तर गालाचा रंग कशाशी ताडून बघणार? 10 नंबरच्या ब्रशने जितकं करता येईल तितकं करा. प्रत्येक फटकारा मारून सोडून द्यायचा, घासत बसायचं नाही. दोन फटकाऱ्यांच्या मधला सांधा मऊ हवा असेल तर कोरड्या ब्रशने एकदाच हलकं ओढायचं.

डोळा हा लोकांचा लाडका भाग, म्हणून बिघडतोही तोच. बुबुळाभोवतीचं पांढरं पांढरं नसतं. नाइफ टेकवून बघाल तर ते कपाळाच्या उजळ भागापेक्षा कितीतरी गडद निघेल. वरच्या पापणीची सावली त्यावर पडलेली असते, ती आधी. खालची पापणी रेघेने आखू नका, ती जवळपास नसतेच. बुबुळ आणि वरची पापणी एकाच गडद रंगात मिसळू द्या. चमकेचा ठिपका सगळं चित्र झाल्यावर, एकदाच. बसला नाही तर कापसाने उचला आणि पुन्हा ठेवा, पसरवू नका.

हा हात पूर्ण वाळायला आठवडा द्या. वाळल्यावर काही गडद जागा निस्तेज, मळकट दिसतील. खालच्या थराने तेल ओढून घेतलेलं असतं. तिथे रंग चढवून काळं करू नका. लिनसीडचा एक थेंब बोटाने चोळा, लगेच कपड्याने पुसून टाका, खरा रंग परत दिसतो. मग दुसरा हात: कडा, गालावरचा लालपणा, नाकाच्या टोकावरचा उजेड. कडांसाठी प्रिंटवर बोट फिरवत जा आणि प्रत्येक ठिकाणी ठरवा, कड धारदार आहे, मऊ आहे की हरवलेली. चेहऱ्याजवळ एखाद-दुसरीच धारदार सापडेल.

कॉलर

या चित्राचा खरा धडा इथे आहे. फाइल मोठी करून कॉलर बघा: लेसचं एकही भोक मोजून काढलेलं नाही. आधी एक करडा-पांढरा पातळ थर, त्यावर जाड पांढऱ्याचे तुटक फटकारे, आणि मधून खालचा गडद रंग डोकावतो. चार पावलं मागे गेलं की डोळा स्वतःच लेस विणतो.

आधी जाड कागदावर सराव करा. ब्रशच्या टोकाला पांढरा भरपूर उचला, तेल न घालता. ब्रश जवळपास आडवा धरून कागदाला टेकवा, ओढा, उचला. हात खांद्यातून हलला पाहिजे, मनगटातून नाही. पंधरा-वीस फटकाऱ्यांनंतर कोणता मनासारखा तुटतो ते कळू लागतं. मग कॅनव्हासवर एका दमात कॉलर पुरी करा. बिघडली तर त्यावर डागडुजी नको. नाइफने सगळी खरवडा, कपड्याने पुसा आणि नव्याने मारा. खालचा थर वाळलेला असल्यामुळे त्याला धक्का लागत नाही.

आवराआवर

ब्रश आधी वर्तमानपत्राला पुसा, मग टर्पेंटाईनमध्ये बुडवा, मग कपड्याच्या साबणाच्या वडीवर घासून तळहातावर फेस काढा, फेस पांढरा येईपर्यंत. मळकं टर्पेंटाईन मोरीत ओतू नका. काचेच्या बरणीत ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं पुन्हा वापरता येतं.

लिनसीडने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते, आणि गुंडाळलेल्या कपड्यात ती साठून काडी न लावता आग लागू शकते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तर हा धोका अजिबात पत्करू नये. चिंध्या दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

चित्र धूळ बसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून तिरकं टेकवा, पण कपाटात कोंडू नका. अंधारात तेल पिवळं पडतं. वॉर्निश सहा महिन्यांआधी नाही, कॉलर जाड असेल तर वर्षभर थांबा. मागच्या बाजूला ‘व्हेलास्केझवरून’ असं लिहून आपली सही आणि तारीख घाला. पुढे सही करायची नाही.

यानंतर लगेच

याच पाच रंगांची काच पुसायच्या आत घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विनंती करा. पांढरा पटका किंवा टोपी असेल तर उत्तम, कॉलरचा सराव तिथे कामी येतो. पाठीमागे करड्या रंगाची चादर टांगा, उजेड एकाच बाजूने येऊ द्या. खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा करा, म्हणजे चहाला उठलेले आजोबा परत त्याच जागी बसतील. दर वीस मिनिटांनी त्यांना उठू द्या, आणि उठण्याआधी नजर कुठे होती तिथे भिंतीवर एक कागद चिकटवून ठेवा.